मागच्या इंजिनाचा घोळ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी किट कार (सुटे भाग जोडून बांधलेली गाडी) आहे. पाइपची चॅसी, फायबरची बॉडी, सीटमागे आडवं बसवलेलं मारुती एस्टीमचं 1.3 इंजिन. इंजिन तापून हेड (इंजिनाचं वरचं झाकण) वाकलं, सिलिंडरच्या लायनरवर ओरखडे आले. कुणी जुन्या होंडा सिटीचं 1.5 व्हीटेक टाक म्हणतं, कुणी बलेनो आरएसचं टर्बो. गाडी ट्रेलरवर घालून ट्रॅकवरच नेतो. कोणतं घेऊ?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : हॉर्सपॉवर सगळ्यात शेवटी बघा. आधी गिअरबॉक्स कुठल्या बाजूला येतो ते पाहा. एस्टीममध्ये इंजिन उजवीकडे, गिअरबॉक्स डावीकडे. त्या काळच्या सिटीत नेमकं उलटं, आणि क्रँकही उलट्या दिशेने फिरतो. म्हणजे माउंट, एक्सल, गिअरची जोडणी, सगळं नव्याने करा. इंजिन झकास आहे, पण ते बसवण्यापेक्षा नवी चॅसी बांधणं सोपं.

आरएसचं 998 सीसीचं तीन सिलिंडरी इंजिन 150 न्यूटन-मीटर टॉर्क देतं, मोह पडतोच. मात्र सीटमागे इंटरकूलरला (टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीला) वारा मिळत नाही आणि टर्बोची धग फायबरला लागते. त्यात ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) इमोबिलायझर (किल्ली ओळखणारी चोरीरोधक यंत्रणा) हवा, मूळ गाडीतले इतर सिग्नलही हवेत. एखादा नसला तर गाडी सुरूच होत नाही, नाहीतर रेस घेत नाही.

आमचं मत : 2005 ते 2010 मधल्या पेट्रोल स्विफ्टचं 1298 सीसीचं जी-13 इंजिन. ॲल्युमिनियम ब्लॉक, सुमारे 87 हॉर्सपॉवर, घराणं एस्टीमचंच. पण नुसतं इंजिन उचलू नका. गिअरबॉक्स, एक्सल, ईसीयू, अखंड वायरिंग, किल्लीसकट इमोबिलायझर असा पूर्ण सेट एकाच गाडीचा घ्या. वायरिंग मध्येच कापलेलं असेल तर सरळ परत फिरा.

घेण्याआधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासा. चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून स्टार्टर मारा. सिलिंडरांमध्ये किलोभरापेक्षा (प्रति चौ. सेंमी) जास्त फरक आला तर सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा बघा. आकडा चढला तर रिंगा गेल्या, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. इंजिन बाहेर आहे तोवरच टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, मागचं क्रँक सील, क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग बदला. नंतर त्या फटीत हात शिरत नाही.

आता खरं दुखणं. पहिलं इंजिन तापून गेलं, मग दुसरं का टिकेल? रेडिएटर पुढे, इंजिन मागे. 32 मिमी आतल्या व्यासाचे अडीच-अडीच मीटरचे दोन पाइप धरले तर त्यांतच चार लिटर पाणी मावतं, आणि मध्ये कुठे पाइप उंच चढला तर तिथे हवा अडकते. हवा अडकली की टेम्परेचरचा काटा खाली दिसतो आणि हेड वर भाजत राहतं. रेडिएटरच्या वरच्या टोकाला ब्लीड स्क्रू (अडकलेली हवा सोडायचा) बसवा, एक्स्पान्शन टाकी सगळ्यात उंच ठेवा. पाइपच्या टोकांना कडा फुगवून घ्या, नाहीतर क्लिप कितीही आवळा, होज निसटतो. वागळे इस्टेट किंवा रबाळे एमआयडीसीत हे काम करणारे मिळतात.

फायबर बॉडीतून अर्थिंग (विजेला परतीची वाट) मिळत नाही. प्रत्येक दिव्याला चॅसीपर्यंत वेगळी वायर ओढा. पावसाळ्यानंतर बंद पडणारे निम्मे दिवे याच पायी बंद पडतात.

नोंदणी नसेल तर रात्री पाम बीच रोडवर ‘फक्त एक फेरी’सुद्धा नको. आणि नोंदणी असलेल्या गाडीचं इंजिन बदलायचं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरटीओची परवानगी आधी घ्यावी लागते, काम उरकल्यावर नव्हे.

प्रश्न : एक्झॉस्ट मागे यावा म्हणून आडवं इंजिन गिअरबॉक्ससकट अर्धा फेरा फिरवून बसवलं तर?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : चाकं उलटी फिरतील. पुढे जायला एक गिअर मिळेल, मागे जायला पाच.