मळी, ४२ अंश आणि मध्येच थांबलेलं किण्वन

उष्णता सोसणारं क्लुयव्हेरोमायसीस मार्क्सियानस यीस्ट ४२ अंशांना जोमाने वाढतं, पण मळीत अल्कोहोल साडेचार टक्क्यांवर अडतं, फेहलिंग चाचणीत (साखर मोजायच्या रासायनिक चाचणीत) साखर शिल्लक दिसते, तर यीस्ट बदलू का, असं तुम्ही विचारलंय.

इतक्यात बदलू नका. उरलेली साखर खरंच साखर आहे का, हे आधी पाहा. रस तापताना साखर आणि अमिनो आम्लांपासून तयार झालेले काळपट पदार्थही फेहलिंगमध्ये साखरेसारखेच दिसतात, पण यीस्टला ते पचत नाहीत. मीही याच आकड्यावर विसंबून बरेच दिवस चांगल्या यीस्टला दोष देत होतो. थांबलेल्या वॉशमधला (आंबवायच्या मळीच्या द्रावणातला) लिटरभर काढा, ३२ अंशांवर आणा, त्यात नेहमीचं डिस्टिलरी यीस्ट भरपूर घाला. साखर आंबली की द्रावणाची घनता उतरते. ती पुन्हा उतरू लागली, तर साखर होती आणि तुमचं यीस्ट दमलं होतं. नाही उतरली, तर बहुधा खायलाच काही उरलेलं नाही.

यीस्ट दमलंच असेल, तर कारण उष्णता आणि अल्कोहोल यांच्या जोडीत शोधा. दोन्हींमुळे पेशीचं आवरण सैल होतं. म्हणून ३२ अंशांना सहज सोसवणारं अल्कोहोल ४२ ला मारक ठरतं. 'किती अंशांना वाढतं' हा आकडा बिनअल्कोहोलच्या माध्यमातला असतो, त्यावर भुलू नका. सुरुवात ४० अंशांना करा, अल्कोहोल तीन टक्क्यांच्या आसपास आलं की टाकी हळूहळू ३५-३६ वर आणा. मग या यीस्टचा फायदा काय? लिटरला २०० ग्रॅम साखर आंबताना थंडावा दिलाच नाही, तर द्रावण वीस अंशांहून जास्त तापू शकतं आणि त्यातली बरीचशी उष्णता जोमाच्या काळातच बाहेर पडते. नेमका तोच काळ हे यीस्ट निभावून नेतं.

फ्लास्क शेकरवर (हलवणाऱ्या यंत्रावर) हलवत असाल तर ते थांबवा. भरपूर हवा मिळाली की हे यीस्ट साखर वाढीत घालवतं. नेहमीचं यीस्ट भरपूर साखरेत हवा असतानाही अल्कोहोल करतं, हे तसं करत नाही. हवा अगदीच तोडली तरी वाढ खुंटते, म्हणून विरजण (सुरुवातीला घालायचं यीस्ट) हवेत वाढवा आणि मुख्य किण्वन न हलवता करा.

सामू (pH) ४.५ च्या आसपास ठेवा, म्हणजे साखर खाणाऱ्या लॅक्टिक जीवाणूंना आवर बसतो. त्यांना ४० अंश फार मानवतात.

मळीत जमलं की बगॅस (उसाचा चोथा) घ्या. त्यातलं सेल्युलोज फोडून साखर करणारी विकरं (एन्झाइम) ५० अंशांजवळ उत्तम चालतात, नेहमीचं यीस्ट तिथे तग धरत नाही. हे यीस्ट असलं की विकर आणि यीस्ट ४२ अंशांना एकाच टाकीत नांदतात. तिथे लागणारा अल्कोहोलचा टक्काही कमी असतो, त्यामुळे याची खरी जागा मला तीच वाटते.