लॅपटॉप दिवसभर चार्जरवर ठेवला तर?

प्रश्न : मुलगा घणसोलीच्या घरातूनच ऑफिसचं काम करतो. लॅपटॉप सकाळपासून रात्रीपर्यंत चार्जरवर असतो. बॅटरी ओव्हरचार्ज होईल का? रोज पूर्ण उतरवावी का? – एक वाचक, घणसोली

उत्तर : ताई, ओव्हरचार्जची धास्ती मनातून काढा. बॅटरीतला लिथियम-आयन सेल साधारण 4.2 व्होल्टला भरला की आतलं सर्किटच चार्जिंग थांबवतं. पुढे लॅपटॉप अडॅप्टरवर चालतो. पण बॅटरी सतत 100 टक्क्यांवर राहिली की ती लवकर म्हातारी होते, आणि त्यात उष्णतेची भर पडली तर फारच लवकर. नवी मुंबईतला मे महिना, गादीवर ठेवलेला लॅपटॉप, हवा जायच्या जाळ्या चादरीने बंद! हे आधी थांबवा. टेबलावर ठेवायला सांगा.

वाशीतल्या माझ्या दुकानात असे लॅपटॉप येतात : टचपॅड एका बाजूने वर आलेला, क्लिक होत नाही. तळ उघडला की सेल टम्म फुगलेले. असं दिसलं तर चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, दाबून बसवायला अजिबात जाऊ नका. बॅटरी बदलावीच लागते.

बहुतेक नव्या लॅपटॉपमध्ये चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवायची सोय असते, कंपनीच्या ॲपमध्ये किंवा बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये). ती आजच चालू करा. मग चार्जर खुशाल लावून ठेवा.

रोज पूर्ण उतरवू नका, त्याने झीज वाढतेच. गणपतीला गावी जाताना लॅपटॉप घरीच राहणार असेल, तर निम्मा चार्ज ठेवून बंद करा.