रिझर्व बँकेचे हिशेब कोण तपासतो?

प्रश्न : एसटी महामंडळापासून सरकारी खात्यांपर्यंत सगळ्यांचे हिशेब कॅग (नियंत्रक व महालेखापरीक्षक) तपासते. रिझर्व बँकच यातून कशी सुटली? (एक वाचक, सातारा)

तपासणीतून सुटलेली नाही, कॅगच्या नेहमीच्या तपासणीतून मात्र सुटली आहे. रिझर्व बँक कायदा, 1934 मधील कलम 50 नुसार केंद्र सरकार किमान दोन लेखापरीक्षक नेमते आणि त्यांचे मानधनही तेच ठरवते. प्रत्यक्षात या चार्टर्ड अकाउंटंटांच्या फर्म असतात. कलम 51 प्रमाणे सरकार कधीही कॅगला बँकेचे हिशेब तपासून अहवाल द्यायला सांगू शकते. म्हणजे वाट बंद नाही, पण सरकारने सांगितल्याशिवाय कॅगला त्या वाटेने जाता येत नाही.

नेमलेल्या लेखापरीक्षकांचे अधिकार कमी नाहीत. कलम 52 नुसार त्यांना बँकेची सर्व पुस्तके पाहता येतात, संचालकांना व अधिकाऱ्यांना प्रश्न विचारता येतात, मदतीला हिशेबनीस घेता येतात. ताळेबंद पूर्ण व योग्य आहे का, मागितलेले खुलासे मिळाले का आणि ते समाधानकारक होते का, हे त्यांना सरकारला लिहून द्यावे लागते. वर्ष संपल्यापासून दोन महिन्यांत प्रमाणित हिशेब सरकारकडे जायला हवेत. पूर्वी हे वर्ष जुलै ते जून असे. 2020-21 पासून ते मार्चअखेर संपते, म्हणून ते एक वर्ष नऊच महिन्यांचे भरले.

उणीव दुसरीकडे आहे. हे लेखापरीक्षण आकडे बरोबर आहेत का ते पाहते, निर्णय शहाणपणाचा होता का ते नाही. कॅग खात्यांच्या कामगिरीचीही झडती घेते. तशी झडती इथे होत नाही. शिवाय लेखापरीक्षक नेमणारे सरकारच बँकेच्या नफ्याचे धनी आहे, हे आम्हाला खटकते.

प्रश्न : 2019 मध्ये सरकारने रिझर्व बँकेची गंगाजळी उचलली, असे म्हणतात. खरे काय? (एक वाचक, डोंबिवली)

त्या वर्षी 1,76,051 कोटी रुपये दिले गेले, पण ही रक्कम फोडून पाहावी. 1,23,414 कोटी हे 2018-19 चे अधिशेष, म्हणजे त्या वर्षी उरलेला नफा, होते आणि त्यातले 28,000 कोटी फेब्रुवारीतच अंतरिम म्हणून देऊन झाले होते. उरलेले 52,637 कोटी मात्र खरोखर जुन्या तरतुदींमधून काढले. वाद व्हायला हवा तो या दुसऱ्या आकड्यावर.

कलम 47 नुसार बुडीत कर्जे, मालमत्तेची घसरण, कर्मचारी निधी वगैरेंसाठी तरतूद करून उरलेला नफा केंद्राकडे जातो. किती तरतूद पुरेशी, हे कायदा सांगत नाही, आणि सगळी ओढाताण तिथेच होते. माजी गव्हर्नर बिमल जालन यांच्या समितीने आकस्मिक जोखमीची तरतूद ताळेबंदाच्या 5.5 ते 6.5 टक्के असावी असे सुचवले. संचालक मंडळाने त्या वर्षी खालची मर्यादा, 5.5 टक्के, निवडली आणि म्हणून ‘जादा’ ठरलेली रक्कम मोठी निघाली. पुढे ही मर्यादा बदलली; 2024-25 साठी हाच दर 7.5 टक्के ठेवूनही 2,68,590 कोटी दिले गेले.

सोने वा डॉलर महागल्यामुळे कागदावर दिसणारा नफा यात धरत नाहीत. तो पुनर्मूल्यांकन खात्यात पडून राहतो. “एवढे सोने आहे, मग वाटा की” म्हणणाऱ्यांच्या लक्षात हे येत नाही.

प्रश्न : महागाई आवरली नाही, तर बँकेला जाब विचारता येतो का? (एक वाचक, परभणी)

येतो, पण तुम्हाआम्हाला नाही. उद्दिष्ट 4 टक्के, सीमा 2 ते 6. सलग तीन तिमाह्या सरासरी महागाई या सीमेबाहेर राहिली, तर कारणे, उपाय आणि लागणारा अंदाजे काळ सरकारला लेखी कळवावा लागतो. 2022 मध्ये असे पत्र गेले. सरकारने ते जाहीर केले नाही.

प्रश्न : माहिती अधिकारात रिझर्व बँकेकडे अर्ज करायचा तर कसा? (एक वाचक, मालवण)

राज्याच्या कार्यालयात चालणारा कोर्ट फी स्टॅम्प इथे चालत नाही आणि आपल्याकडचे अर्ज नेमके इथेच अडतात. 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर किंवा डिमांड ड्राफ्ट जोडा, नाहीतर ऑनलाइन भरा. “असे का केले?” हा प्रश्न टाळा. मत किंवा कारणमीमांसा म्हणजे माहिती नव्हे, असे उत्तर येते. त्याऐवजी अमुक तारखेच्या टिपणीची किंवा इतिवृत्ताची प्रत मागा. 30 दिवसांत उत्तर आले नाही, तर पुढच्या 30 दिवसांत पहिले अपील करा.

बँकांचे तपासणी अहवाल विश्वासाच्या नात्याने मिळालेले असल्याने देता येत नाहीत, ही सबब सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2015 मध्ये जयंतीलाल मिस्त्री खटल्यात फेटाळली. तसे उत्तर आले, तर अपिलात या निकालाचा उल्लेख जरूर करा.