इंग्लंडमधला फ्लॅट भाड्याने दिलाय, नवीन कायदा आला, आता जुनं अग्रीमेंट परत करावं लागेल का?

तुम्ही लिहिलंय की रीडिंग शहरातला फ्लॅट २०२३ पासून एका जोडप्याला दिलाय, तुम्ही आता पुण्यात असता, आणि एजंट म्हणतोय की नवीन कायदा आलाय तर बारा महिन्यांचं नवं अग्रीमेंट करू, त्याची फी द्या. मी इकडे इंग्लंडमध्ये लेटिंगच्याच, म्हणजे घरं भाड्याने देण्याच्या, कामात आहे, सध्या रोज हेच फोन येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नवं अग्रीमेंट करू नका. गरजच नाहीये. १ मे २०२६ ला रेंटर्स राइट्स ॲक्ट २०२५ लागू झाला आणि तुमच्यासारख्या सगळ्या शॉर्टहोल्ड टेनन्सी (म्हणजे इथले नेहमीचे खासगी भाडेकरार) त्या दिवशी आपोआप बदलल्या, म्हणजे कागदावर मुदत संपायची तारीख असली तरी ती गेली, आता टेनन्सी महिन्यामागून महिना चालूच राहणार आणि भाडेकरूला सोडायचं असेल तर तो दोन महिन्यांची नोटीस देऊन कधीही सोडू शकतो. उलट तुम्ही आता बारा महिन्यांची फिक्स मुदत घालून सही घेतलीत तर तोच नियमभंग होतो आणि कौन्सिल, म्हणजे तिथली स्थानिक पालिका, ७,००० पाउंडपर्यंत दंड लावू शकते. म्हणजे एजंट तुमच्याकडून पैसे घेऊन तुम्हालाच अडचणीत टाकतोय, ह्याचा मला खरंच राग येतो.

करायचंय ते काम लहान आहे पण तारखेचं आहे. सरकारने ह्या बदलांची माहिती देणारं एक इन्फर्मेशन शीट काढलंय, ते ३१ मे २०२६ च्या आत भाडेकरूला मिळालं पाहिजे. अग्रीमेंटवर नवरा बायको दोघांची नावं असतील तर दोघांना वेगवेगळं द्या. प्रिंट काढून द्या किंवा पीडीएफ ईमेलला जोडून पाठवा, पण नुसती लिंक पाठवली तर ते दिलं असं धरत नाहीत. इथे बरेच जण फसतायत, व्हॉट्सॲपवर लिंक टाकली की झालं असं वाटतं. पीडीएफ जशीच्या तशी पाठवायची, त्यातला मजकूर स्वतःच्या शब्दांत लिहून नाही. पाठवल्याचा ईमेल जपून ठेवा आणि "मिळालं" असं उत्तर मागून घ्या. एजंट म्हणाला "आम्ही पाठवलंय" तर त्याची कॉपी मागा. (कोणी तोंडी बोलीवर घर दिलं असेल तर त्यांचं वेगळं आहे, त्यांनी ह्या शीटऐवजी टेनन्सीच्या मुख्य अटी लेखी द्यायच्या, तारीख तीच.)

आपल्याकडे अकरा महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स, मग परत रिन्यू, ही सवय अंगात भिनलेली असते, आणि मुदत संपली की घर आपल्या हातात असं आपण धरून चालतो. इंग्लंडमध्ये आता तसं अजिबात नाही. पूर्वी कारण न देता घर खाली करायला सांगता यायचं, ती सेक्शन २१ ची नोटीस बंद झाली. घर परत हवं असेल तर कायद्यातलं कारण दाखवून सेक्शन ८ ची नोटीस द्यावी लागते. विकायचंय किंवा स्वतः राहायला जायचंय तर चार महिन्यांची नोटीस, आणि टेनन्सीचं पहिलं वर्ष पूर्ण झालेलं हवं, ते तुमचं झालंयच. त्यानंतर विकलं नाही तर बारा महिने परत भाड्याने देता येत नाही, त्यामुळे खोटं कारण देऊन भाडेकरू काढायचा विचारही करू नका. आणि तुम्ही विचारलंय पुतण्या शिकायला येतोय, त्याला फ्लॅट देता येईल का, तर नाही. कायद्याच्या यादीत आईवडील, आजीआजोबा, भावंडं, मुलं, नातवंडं आहेत, पुतणे भाचे नाहीत. आपल्याला पुतण्या मुलासारखाच असतो हे कोर्टाला सांगून उपयोग नाही.

भाडं थकलं तर पूर्वी दोन महिन्यांच्या थकबाकीवर जे हुकमी कारण (म्हणजे सिद्ध झालं की कोर्टाला घर परत द्यावंच लागतं असं) मिळायचं त्याला आता तीन महिने लागतात आणि नोटीस दोनऐवजी चार आठवड्यांची. त्यामुळे पहिला हप्ता चुकला की लगेच बोला.

जुन्या कागदातली "दरवर्षी भाडं इतके टक्के वाढेल" ही अटही आता चालत नाही. वाढ वर्षातून एकदाच, सेक्शन १३ चा फॉर्म भरून, दोन महिने आधी कळवून, आणि भाडेकरूला ती जास्त वाटली तर तो ट्रिब्युनलकडे, म्हणजे असे वाद सोडवणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, जाऊ शकतो. "पाळीव प्राणी चालणार नाहीत" असं लिहिलं असेल तरी त्यांनी मांजरासाठी लेखी विचारलं तर २८ दिवसांत उत्तर द्यायचं आणि नाही म्हणायला ठोस कारण हवं.

बाकी डिपॉझिट, भाड्याची रक्कम, दुरुस्ती, ह्या अटी जुन्याच कागदावर चालू राहतात. हे सगळं फक्त इंग्लंडचं, वेल्स आणि स्कॉटलंडचे कायदे वेगळे. शीट आजच पाठवा आणि सोबत भाडेकरूंना एक फोन करा, कारण त्यांनाही इतकंच कळलंय की काहीतरी बदललंय, आणि घर जाणार का ह्या काळजीत ते असू शकतात.