शिकवणारं कोणी नसतं, याची तयारी ठेवा

गेल्या अंकात माझी चित्रं आणि जर्मनीतल्या शिक्षणाबद्दल थोडा मजकूर छापून आला. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काहींना इथं उत्तरं देते. मी तिथल्या एका सरकारी कलाशाळेत शिकले आणि आता तिथंच काम करते, त्यामुळे हे सगळं जर्मनीपुरतं.

प्रश्न : मुलगी फाइन आर्टच्या शेवटच्या वर्षाला आहे. हातात ब्रश कमी, टॅबलेटचा पेन जास्त. तिकडे शिक्षण फुकट असतं असं एजंट सांगतो. खरं का? (एक आई)

काकू, अर्धं खरं. सरकारी कलाशाळांत बहुतेक राज्यांमध्ये ट्यूशन फी नसते, दर सहामाहीला फक्त सेमिस्टरची वर्गणी भरायची. पण बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सहामाहीला १,५०० युरो पडतात. कार्ल्सरूहे याच राज्यात येतं. तिथं झेडकेएम हे माध्यमकलेचं मोठं केंद्र आणि एक कलाशाळा, दोन्ही शस्त्रास्त्रांच्या एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत आहेत. मुलगी डिजिटल काम करत असेल तर हे नाव तिच्या यादीत असणारच.

फीपेक्षा मोठा आकडा मात्र व्हिसाचा. पहिल्या वर्षाचा खर्च, सध्या ११,९०४ युरो, आधीच एका बंदिस्त खात्यात भरून दाखवावा लागतो. त्यातून महिन्याला ९९२ युरोच काढता येतात, आणि मोठ्या शहरात त्यातला बराचसा भाड्यातच जातो. शिवाय भारतातून जाणाऱ्यांना एपीएसचं, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासणाऱ्या कार्यालयाचं, प्रमाणपत्र लागतं, त्यासाठी वेळ हाताशी ठेवा. आणि एजंट ज्या संस्थेचं नाव पुन्हापुन्हा घेतो ती सरकारी आहे की खासगी, हे एकदा स्वतः तपासाच.

प्रश्न : ताई, माझ्याकडे चाळीसेक फिनिश्ड पीसेस आहेत. कॅरेक्टर डिझाइन, मॅट पेंटिंग, थोडा फॅन आर्ट. पोर्टफोलिओत कोणते घेऊ? (एक विद्यार्थी)

यातले थोडेच घे, आणि उरलेल्या जागी जे तू कुणाला दाखवत नाहीस ते टाक.

थट्टा नाही करत. तिथल्या कलाशाळा पोर्टफोलिओ आधी मागवतात आणि त्यात निवड झाली तरच परीक्षेला किंवा मुलाखतीला बोलावतात. अर्जाआधी काही शाळा सल्ल्याचा दिवसही ठेवतात. ओळीत उभं राहायचं, प्राध्यापकांपुढे फाइल उघडायची. माझी गुळगुळीत, चकचकीत पानं प्राध्यापकबाईंनी भराभर उलटली. त्या थांबल्या एका वहीशी. त्यात मी एकच खिडकी निरनिराळ्या उजेडात, वाकड्यातिकड्या रेषांनी, पुन्हापुन्हा काढली होती. मग प्रश्न सुरू झाले. हीच खिडकी का? मध्येच रंग सोडून का दिला? पुढे काय करणार होतीस? चित्र चांगलं की वाईट, यावर अवाक्षर नाही.

त्यांना बघायचं असतं ते एवढंच, की हे मूल एखाद्या गोष्टीच्या मागे स्वतःहून किती काळ लागू शकतं. कारण प्रवेश मिळाल्यावर तेच करायचं असतं. कलाशाखेत तू एका प्राध्यापकाच्या ‘क्लास’मध्ये दाखल होतोस. वेगवेगळ्या वर्षांची मुलं एकत्र, आठवड्यातून एकदा बैठक. कोणीतरी आपलं काम भिंतीवर लावतं आणि बाकीचे त्यावर बोलतात, नाहीतर गप्प राहतात. ती शांतता फार लांबते, बरं का. गृहपाठ नाही, ‘पुढच्या सोमवारपर्यंत हे करून आण’ नाही. आपल्याकडे ब्रीफ, म्हणजे काय करायचं ते नेमकं सांगणारी सूचना, मिळाल्यावर उत्तम काम करणारी मुलं तिथं पहिलं वर्षभर नुसती भांबावलेली असतात. थंडी, परकी भाषा, डिसेंबरात चार-साडेचारला पडणारा अंधार, याबद्दल सगळे आधी बजावतात. या मोकळेपणाबद्दल मला कोणी बोललं नव्हतं, आणि माझ्या मते सगळ्यात अवघड तेच आहे.

तुला ब्रीफशिवाय काम सुचत नसेल तर त्यात कमीपणा नाही. मग कम्युनिकेशन डिझाइन किंवा ॲनिमेशनचा आखीव अभ्यासक्रम शोध. तिथं वेळापत्रक असतं, असाइनमेंट असतात, नोकरीही लवकर मिळू शकते.

प्रश्न : कोणतं सॉफ्टवेअर यायला हवं?

कोणीही विचारत नाही. ब्लेंडर आणि क्रिटा फुकट आहेत, त्यावर खुशाल शिका.

प्रश्न : एआय चित्रं काढू लागल्यावर एवढ्या लांब जाऊन हे शिकण्यात काय अर्थ? (एक शंकेखोर बाबा)

काका, १९६५ मध्ये स्टुटगार्टला गेओर्ग नेस यांनी संगणकाला सूचना देऊन प्लॉटरवर, म्हणजे कागदावर पेन फिरवणाऱ्या यंत्रावर, काढून घेतलेल्या रेषाचित्रांचं प्रदर्शन भरवलं. त्याच वर्षी फ्रीडर नाके यांची चित्रंही त्याच शहरात लागली. यंत्रानं ओढलेल्या रेषेला कला म्हणावं का, हा वाद तेव्हाही झाला. तिथल्या वर्गात एआय वापरणाऱ्यालाही तोच प्रश्न येतो, जो माझ्या खिडकीला आला होता : हेच का? ज्याच्याकडे उत्तर नाही त्याचं काम पडतं, मग ते हातानं केलेलं असो की कशानंही. नोकऱ्यांचं विचाराल तर झटपट इलस्ट्रेशनची छोटी कामं माझ्या ओळखीतल्यांची कमी झाली आहेत. हे लपवून काय उपयोग?

प्रश्न : मला आत्ता ऑनलाइन कमिशन्स, म्हणजे मागणीप्रमाणे चित्रं काढून द्यायची कामं, मिळतात. तिथं राहून तीच कामं केली तर खर्च निघेल ना?

इथं नीट वाच. विद्यार्थी व्हिसावर तुला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस नोकरी करता येते. हा नियम मार्च २०२४ पासूनचा, आधी तो १२० आणि २४० होता. पण ही नोकरी, म्हणजे कुणाच्या तरी पगारपत्रकावर. कमिशन म्हणजे स्वतंत्र व्यवसाय, आणि त्याला परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडून वेगळी परवानगी लागते. ग्राहक दुसऱ्या देशात असला तरी तू बसून काम जर्मनीत करतोस ना? ‘पैसे तर इकडच्याच खात्यात येतात’ ही पळवाट मुलं एकमेकांना सांगतात. तिच्यावर व्हिसा पणाला लावू नकोस. परवानगी मिळण्यासारखी असते. ग्राहकांची पत्रं, कामाचे नमुने, अभ्यासाला धक्का लागणार नाही अशी मांडणी, असं सगळं घेऊन रीतसर अर्ज कर. मिळाली की करकार्यालयाकडे नोंदणी.

डिग्रीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. पुढे स्वतंत्र कलाकार म्हणून राहायचं ठरलं तर कलाकारांची एक सामाजिक विमा व्यवस्था आहे, १९८३ पासून चालू. आरोग्य आणि पेन्शनच्या हप्त्याचा साधारण निम्मा भार ती उचलते. सुरुवातीची तीन वर्षं सोडली तर कलेतून वर्षाला ३,९०० युरोंच्या वर कमाई आहे हे मात्र दाखवावं लागतं. कलाकार हा कमावता माणूस आहे असं गृहीत धरून कुणी कायदा केलाय, याचंच मला पहिल्यांदा अप्रूप वाटलं होतं.

प्रश्न : तिकडच्या लोकांना डिजिटल चित्रांचं कौतुक असतं का?

कौतुकापेक्षा चौकशी जास्त! वर्षातून एकदा कलाशाळा सगळ्यांसाठी खुली होते. शेजारपाजारचे लोक, आजीआजोबा, लहान मुलं सगळ्या खोल्यांतून फिरतात. माझं काम प्रोजेक्टरवर चालू होतं. एका आजोबांनी ते शेवटपर्यंत पाहिलं आणि विचारलं, मूळ चित्र कुठंय? मी म्हटलं, फाइल आहे. ते म्हणाले, मग ही फाइलची सावली झाली. मला धड उत्तर देता आलं नाही. त्यानंतर मी शाळेच्या कार्यशाळेत जाऊन माझ्याच चित्रातल्या लेअर्सचे, म्हणजे थरांचे, छपाईसाठी वेगळे पडदे करून स्क्रीन प्रिंटिंग शिकायला लागले. संगणकाच्या पडद्यावरचा झगझगीत निळा कागदावर मेला, आणि तो दुसऱ्या कुठल्या मार्गानं जिवंत करायचा, यात एक अख्खी सहामाही गेली. आज माझ्याकडे येणारं निम्मं काम छपाईचंच असतं. डिजिटलवाल्यांनी या कार्यशाळांकडे फिरकायचं नाही अशी एक फॅशन आहे, ती कृपा करून पाळू नका.

प्रश्न : जर्मन किती यायला हवं, आणि तयारी कधीपासून करावी?

शाळेनं मागितलेल्या पातळीपेक्षा एक पायरी वर. दुकानात इंग्रजीवर भागतं, पण बैठकीत कुणी तुझ्या कामावर जर्मनमध्ये बोलायला लागलं की भागत नाही. तयारी वर्षभर आधीपासून. कलाशाळांच्या मुदती पुष्कळदा इतर विद्यापीठांच्या आधी संपतात आणि प्रत्येकीची तारीख वेगळी असते. काही शाळांना अजूनही छापील पोर्टफोलिओ पोस्टानं लागतो, तेव्हा कुरियरचे दिवसही धरा.