सांबारवडी, पाल आणि एक स्टार

"मॅडम, खोटं लिहिलं आहे त्याईनं. पुसता येते का ते?"

हा प्रश्न पहिल्यांदा एका ढाबेवाल्यानं विचारला, मग शिकवणी घेणाऱ्या एका मुलीनं, मग पार्लर चालवणाऱ्या दोघींनी. ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमधल्या, म्हणजे मुख्य जंगलाभोवतीच्या पट्ट्यातल्या गावांत घराघरांतून पर्यटकांसाठी खोल्या निघाल्यापासून तर तो दर महिन्याला कोणी ना कोणी घेऊन येतं. मी समुपदेशक, चिमूरला आठवडी बाजाराच्या दिवशी बसते. लोक भाजीची पिशवी दाराशी ठेवतात आणि खुर्चीवर बसायच्या आधी मोबाईलवरचा वाईट रिव्ह्यू पुढे करतात. म्हणून एका ताईंची गोष्ट त्यांच्या परवानगीनं सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.

त्या कोलारा गेटच्या बाजूच्या एका गावातल्या. घराला लागून दोन खोल्या, बँकेचं कर्ज, अंगणात चूल. जून महिन्यात नवऱ्यासोबत आल्या. बोलत तेच होते. "झोपत नाई. जेवत नाई. कोनी बुकिंगचा फोन केला त उचलत नाई."

रिव्ह्यू मी वाचला. मे महिन्यात एक कुटुंब दोन रात्री राहून गेलं होतं. त्यांनी गूगलवर एक स्टार देऊन लिहिलं होतं: एसी नाही, भिंतीवर पाल, सांबारवडी म्हणाले आणि सांबार दिलाच नाही, वाघ दिसला नाही, घरमालकिणीला पाहुण्यांशी बोलायची रीत नाही.

इथे मी एक चूक केली. मी हिशोब मांडला. एकूण बारा रिव्ह्यू, त्यातले अकरा पाच स्टारचे, एक एकाचा. बेरीज ५६, सरासरी ४.७. "ताई, पाचातले पावणेपाच मार्क आहेत अजून," मी जरा ऐटीतच म्हटलं. त्या रडायलाच लागल्या. आकडा दुखत नसतो, हे इतक्या वर्षांनी मला पुन्हा शिकावं लागलं.

दुसऱ्या भेटीत कळलं की बारावी झालेल्या मुलानं रात्री बारा वाजता त्या रिव्ह्यूला उत्तर ठोकलं होतं. चांगलं हातभर. ते लोक फुकटे होते, दारू मागत होते, कुठल्या गाडीनं आले, कुठे नोकरीला आहेत, सगळं त्यात. मी म्हटलं, बाकीचं नंतर, हे आत्ता काढा. ते तिथेच बसून काढलं. गूगलवर आपलं उत्तर नंतर बदलता किंवा काढता येतं, हे आपलं नशीब. रिव्ह्यूपेक्षा मुलाचं उत्तर वाचून कोणी पळालं असतं.

मग एक कागद घेतला आणि रिव्ह्यूतली एकेक ओळ वेगळी लिहिली.

"पाल होती?"

"खेड्यात पाल राहतेच न मॅडम."

"एसी?"

"आमी कूलरच लिहिला होता."

"वाघ?"

"वाघ का मी बांधून ठेवला आहे?" हे म्हणताना पहिल्यांदा आवाजात थोडी धार आली. मला बरं वाटलं.

"सांबार?"

त्या थांबल्या, माझ्याकडे पाहिलं आणि हसू फुटलं. आपल्याकडे विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि सांबारवडी म्हणजे कोथिंबिरीचं सारण भरून तळलेली वडी. ते कुटुंब बिचारं वाटीतल्या सांबाराची वाट पाहत बसलं असणार. "मी तिखट रस्सा ठेवला होता त्याईच्यापुढे," त्या म्हणाल्या, "आन ते मंग वडी उलटून पालटून पाहत होते."

शेवटच्या ओळीशी आल्यावर हसू गेलं. 'बोलायची रीत नाही.' यावर त्या त्या दिवशी काहीच बोलल्या नाहीत. मीही ओढलं नाही. खरी ओळ हीच आहे, एवढं कळलं होतं.

चौथ्या भेटीत त्या एकट्या आल्या. दुसऱ्या रात्री, साडेदहाच्या पुढे, त्या कुटुंबातला पुरुष बॅटरी घेऊन नाल्याकडे निघाला होता. सफारीत वाघ दिसला नाही, म्हणून आता पायी पाहू म्हणे. मे महिना, सगळीकडचं पाणी आटलेलं, त्या नाल्यात तेवढं डबकं उरलेलं. तेंदूपत्त्याला पहाटे गेलेली माणसं घरी परत आली नाहीत, अशी घरं या जिल्ह्यात आहेत. ताई अंगणातून ओरडल्या. साधं ओरडणं नव्हे, बायकापोरांसमोर, पार गल्लीला ऐकू जाईल असं. "आत व्हा आधी! मराले आले का इथं?"

"पाहुण्यावर ओरडली मी," त्या खाली पाहत म्हणाल्या. "माही सासू असती त तिनं मले घरात घेतलं नसतं. पाहुणा म्हनजे देव. आन त्याईनंही आमच्या घरचं खाल्लं, चुलीवरची भाकर खाल्ली, मंग असं लिहाचं का? खाल्ल्या मिठाची तरी..."

मी विचारलं, "ताई, त्यांच्याकडून किती घेतले?"

"दोन रात्रीचे, जेवनासकट, पाच हजार."

"मागच्या दिवाळीत तुमचा भाऊ आला होता. त्याच्याकडून किती घेतले?"

त्यांनी तोंडाला पदर लावला. मग बराच वेळ पंख्याचा आवाज तेवढा होता. अशा शांततेत तोंड बंद ठेवणं हे माझ्या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य आहे आणि त्या दिवशी ते मला जमलं, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

"म्हनजे तो पाहुना नव्हताच," त्या हळूच म्हणाल्या. "गिऱ्हाईक होता."

"गिऱ्हाईकाला राग आला तर?"

"लिहील. बजारात नाई का, वांगी घेऊन जाते आन पुढच्या दुकानात नावं ठेवते."

त्या रात्री घरी जाताना मला जाणवलं की गेली दोन वर्षं हा प्रश्न मी उलट्या बाजूनं सोडवत होते. पैसे देऊन राहणाऱ्याला आपण 'पाहुणा' म्हणतो. बोलायला छान आहे ते. पण त्या एका शब्दासोबत आपल्या घरांचा सगळा जुना करार येतो: पाहुण्यानं पानातल्या जेवणाला नावं ठेवायची नाहीत, यजमानानं आवाज चढवायचा नाही. हा करार ताईंनी एकटीनंच केला होता. समोरच्या माणसानं खोलीचं भाडं दिलं होतं, बस. मग त्यानं करार मोडला म्हणून त्या त्याच्यावर चिडल्या आणि आपणही मोडला म्हणून स्वतःला झोपू देईनात. दोन्हीकडून मार.

मी ज्या मुशीतून आले ती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची, १९५५ पासूनची विवेकनिष्ठ मानसोपचाराची वाट. मराठीत तिचं काम सोपं होतं, कारण सगळा त्रास एका अक्षरात सापडतो: 'च'. 'त्यानं असं लिहायलाच नको होतं.' 'मी ओरडायलाच नको होतं.' तो 'च' काढा आणि वाक्य पुन्हा म्हणा. त्यानं असं लिहायला नको होतं. वाईट वाटतं, पण झोप येते. माझे सहकारी यावरून माझी थट्टा करतात. करू देत.

पाचव्या भेटीत उत्तर लिहिलं. ते दोनेकशे किलोमीटरवर परत गेलेल्या त्या माणसासाठी नव्हतं. पुढच्या हंगामात कोणीतरी बाई रात्री पोरांना झोपवून, सगळे रिव्ह्यू चाळत, कोणाकडे राहायचं ते ठरवत बसेल, तिच्यासाठी होतं. वाक्यं ताईंची, मी फक्त लिहून घेतली:

"तुम्हाला त्रास झाला याचं वाईट वाटलं. खोलीत कूलर आहे, एसी नाही. आता फोटोखालीही तसं लिहिलं आहे. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, त्यामुळे घोळ झाला, ते सांगायला हवं होतं. अंधार पडल्यावर आम्ही कोणालाही कुंपणाबाहेर जाऊ देत नाही, नाल्यावर वाघ पाण्याला येतो. त्या रात्री माझा आवाज चढला. पुढच्या वेळीही चढेल."

शेवटचं वाक्य मी काढायला सांगणार होते. बरं झालं गप्प बसले.

तुमच्यापैकी कोणाच्या मोबाईलवर असा एक स्टार असेल, तर थोडं सांगते. त्याच दिवशी उत्तर देऊ नका. मनातलं सगळं, शिव्यांसकट, वहीच्या कागदावर लिहा आणि तो कागद पिठाच्या डब्यामागे ठेवा. एक-दोन रात्री गेल्या की रिव्ह्यूची ओळ न् ओळ सुटी करा. काही गोष्टी घडलेल्या असतात, काही त्या माणसाला वाटलेल्या, आणि काही त्यानं घरूनच मनात आणलेल्या. 'वाघ दिसला नाही' ही तिसऱ्या प्रकारची, तिला उत्तर देत बसू नका. मंगळवारी कोअरचे, म्हणजे आतल्या मुख्य जंगलाचे गेट बंद असतात म्हणून चिडलेले लोकही मी वाचले आहेत. आपलं खरोखर चुकलं असेल तर तेवढं मान्य करा आणि काय बदललं ते लिहा. पाहुण्याच्या, क्षमा करा, गिऱ्हाईकाच्या खाजगी गोष्टी उत्तरात आणू नका, त्यानं दारू मागितली असली तरी. चार ओळींच्या पुढे जाऊ नका.

काढून टाकायची विनंती जरूर करा, पण ती कधी चालते ते समजून घ्या. शिवीगाळ असेल, लिहिणारा कधी राहिलाच नसेल, धंद्यातल्या स्पर्धकानं खोडी काढली असेल, तर. 'आम्हाला हे पटत नाही' एवढ्यावर गूगल रिव्ह्यू काढत नाही. एअरबीएनबीवर तर रिव्ह्यूला उत्तर द्यायला ३० दिवसच मिळतात, तेव्हा रुसून बसण्यातही मुदत निघून जाते. आणि मेहुण्याला, भाच्याला सांगून पाच-पाच स्टार टाकून घेऊ नका. ते नियमात बसत नाही आणि वाचणाऱ्याला लगेच वास येतो. सगळ्या भाच्यांची भाषा एकसारखी असते.

पावसाळ्यात ताई आल्या नाहीत. रोवणी होती, आणि कोअरही तीन महिने बंद असतो. १ ऑक्टोबरला गेट उघडल्यावर पुढच्या बाजाराला आल्या, सोबत नवरा. तो एक स्टार जागेवरच आहे. खोल्या दिवाळीपर्यंत भरलेल्या होत्या. कशामुळे, कोण जाणे, दिवाळीत तशाही भरतात. झोप लागते, असं त्यांनी मी न विचारता सांगितलं.

भांडण मात्र नवीन निघालं होतं. ताईंनी जेवणाच्या फळ्यावर 'कोथिंबीरवडी' असं लिहिलं, आणि नवऱ्याला ते अजिबात मंजूर नव्हतं. "आपल्याच घरी आपल्या सांबाराले कोथिंबीर काहून म्हनाचं? सांगा मॅडम तुमीच." दोघंही माझ्याकडे बघत होते. मी दोघांना चहा सांगितला.