वाट्याच्या बोलीत बैलही घाला

पत्र

ताई, आम्ही खटाव तालुक्यातले. मुलाने पुण्याजवळ मोशीला फ्लॅट घेतलाय. सूनबाईंची बाळंतपणाची रजा संपत आली, म्हणून मार्चअखेर आम्ही दोघं तिकडे राहायला जायचं ठरलंय. जमीन शेजारच्या चुलत दिरांना वाट्याने लावली. आता प्रश्न उरला गोठ्याचा. एक एचएफ, म्हणजे होल्स्टीन जातीची गाय आहे, दुसऱ्या वेताची, चालू दुधाची. तिची कालवड, चार शेळ्या, सात-आठ कोंबड्या, मोत्या कुत्रा आणि हौशा. हौशा आमचा खिलार बैल, चौदा वर्षांचा. त्याचा जोडीदार लम्पीच्या साथीत गेला, तेव्हापासून हा नुसता दावणीला उभा. ह्यांचं म्हणणं, एका दिवसात सगळं बाजारात नेऊन मोकळं व्हायचं. हौशासाठी एक व्यापारी दोनदा येऊन गेला, रात्री टेम्पो आणतो म्हणतो. सासरे, म्हणजे आमचे आबा, तेव्हापासून ह्यांच्याशी बोलत नाहीत. मुलगा फोनवर म्हणतो, "आई, जनावरंच आहेत ती." मला झोप लागत नाही. आणि खरं सांगते, पहाटे साडेचारला उठून शेण काढायला लागणार नाही हे मनात आलं की बरं वाटतं, मग त्या बरं वाटण्याचीच लाज वाटते. आम्ही बेइमान आहोत का? आणि दोन कोंबड्या बाल्कनीत ठेवल्या तर चालतील का?

– एक वाचक, जि. सातारा

उत्तर

ताई,

तुम्ही लाजत लाजत लिहिलंत ते आधी घेते. बरं वाटतंय ना? वाटू द्या. शेण, वैरण, पाणी, धार, डेअरीची वेळ, आणि संध्याकाळी पुन्हा तेच. घरात लग्न असो, मयत असो, अंगात ताप असो, गाय काही सुट्टी देत नाही. माहेरी सलग चार रात्री मुक्काम करून किती वर्षं झाली, ते तुमचं तुम्ही आठवा. (दुधाचं बिल कोणाच्या खात्यावर जमा होत होतं, हे मी विचारत नाही.) गोठा मोडणार म्हणून सगळ्यात मोठ्याने हळहळणारी माणसं बहुधा ती असतात, ज्यांनी शेणाची पाटी कधी डोक्यावर घेतलेली नसते. तुम्ही घेतली आहे. दमलेल्या माणसाला सुटल्यासारखं वाटलं, तर त्यात लाजायचं काय?

गाव सोडण्यातही बेइमानी नाही. नातवंडासाठी, सुनेच्या नोकरीसाठी चाललात. पण त्या रात्रीच्या टेम्पोबद्दल मी असं म्हणू शकत नाही. तो टेम्पो दिवसा का येत नाही, हे तुम्हाला कळलंय. झोप तिथेच उडालीये.

ह्यांच्या एका दिवसाच्या बेताबद्दल सांगते. त्यांना दोष देऊ नका. पुष्कळ पुरुषमाणसांना हे एकदाच आणि झटक्यात उरकायचं असतं, कारण पाच वेळा दावं सोडायची हिंमत होत नाही. पण नुसता व्यवहार म्हणून पाहिलं तरी हा बेत तोट्याचा आहे. चालू दुधाची एचएफ बाजारात उभी केली की ती बिचकते, पान्हा चोरते, म्हणजे दूध सोडत नाही. गिऱ्हाईक वेगळाच संशय धरतं, कास मुद्दाम तुंबवून आणली असेल असा. वर दलाल रुमालाखाली बोटं दाबून जे ठरवेल, ते तुम्हाला शेवटी कळणार. अशी गाय गोठ्यावरच विकावी. डेअरीच्या सेक्रेटरीला सांगून ठेवा. तुमचं दूध किती जातं, फॅट किती लागतं हे त्याच्या वहीत आहे, आणि पंचक्रोशीत कोण गाय शोधतंय हेही त्यालाच माहीत. घेणाऱ्याला संध्याकाळची आणि दुसऱ्या सकाळची अशा दोन्ही धारा स्वतः काढू द्या, मगच पैशाचं बोला. लाथ मारत असेल, कधी दगडी (कासेची सूज) झाली असेल, तर आधीच सांगा. कालवड आईबरोबरच द्या. आणि हे फेब्रुवारीत करा. उन्हाळा तोंडावर आला, हिरवी वैरण आटली की घेणारा हात आखडतो.

शेळ्यांच्या बाबतीत फार हळवं होऊ नका. बोकड तुम्ही आजवर विकत आलाच असाल, कशासाठी जातात तेही माहीत आहे. चार शेळ्या गावातल्या एखाद्या गरजू बाईला अर्धलीने द्या. शेळ्या तुमच्याच, करडं निम्मी तिची. तिला भांडवल मिळतं आणि गावात तुमचं काहीतरी शिल्लक राहतं. मात्र शेळी मेली, चोरीला गेली तर काय, हे चार माणसांसमोर आधीच बोलून घ्या. अर्धलीतली भांडणं बहुतेक इथेच होतात.

आता हौशा. तुमचं पत्र त्याच्यासाठीच आहे, बाकीची जनावरं सोबतीला आली.

म्हाताऱ्या बैलाचा प्रश्न तुमच्या आबांच्या पिढीला या रूपात नव्हता. १९७६ चा राज्याचा कायदा गायीपुरता होता. थकलेला बैल दाखला घेऊन कत्तलीला विकता यायचा, आणि त्या पैशात भर घालून नवा गोऱ्हा दावणीला यायचा. १९९५ साली विधिमंडळाने केलेल्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची मंजुरी २०१५ च्या मार्चमध्ये मिळाली. तेव्हापासून बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे. कायदा चांगला की वाईट, यावर गावागावात भांडणं आहेत, मी इथे त्यात पडत नाही. एवढंच दिसतं की म्हाताऱ्या बैलाचा उघडा बाजार आटला आणि रात्रीचा सुरू झाला. कामाला न येणारा बैल कोणी पैसे मोजून, अंधारात, टेम्पो आणून नेत असेल, तर तो त्याला सांभाळायला नेत नाही. शिवाय हौशाच्या कानात पिवळा बिल्ला असेल, बारा आकडी. त्या नंबरापुढे मालक म्हणून तुमच्या घरचं नाव आहे. टेम्पो कुठे नाक्यावर अडवला गेला, तर विचारणा कोणाच्या दारी येईल? तेव्हा त्या व्यापाऱ्याला ह्यांनीच स्वच्छ नाही म्हणून सांगावं. तुम्ही सांगितलंत तर तो तिसऱ्यांदा येईल.

मग हौशाचं करायचं काय? उत्तर तुमच्याच पत्रात आहे. जमीन वाट्याने लावलीत ना? मग वाट्याच्या बोलीत हौशा घाला. दिरांना सांगा: आमच्या रानातल्या शाळूच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, कडब्यावर पहिला हक्क हौशाचा, मग उरलेल्याचे वाटे. गोठा तुम्ही वापरा, शेण तुमच्या रानात जाऊ दे, त्याबदल्यात त्याला दोन वेळा वैरण-पाणी करायचं. दिरांना हे अगदीच जड नाही. शेणखत काय भावाने मिळतं हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. मोठ्या बैलाला दिवसाला आठ-दहा किलो कोरडी वैरण धरा, म्हणजे वर्षाला तीन टनांच्या आसपास. तुम्ही निघणार मार्चअखेर, आणि शाळूची काढणी फेब्रुवारी-मार्चचीच. कडबा घरात येतो तेव्हाच त्याच्या नावाची गंज वेगळी रचून निघा. कमी पडला तर त्याच हंगामात विकत घेऊन भर घाला, मे महिन्यात शंभर पेंढ्यांचा भाव ऐकवत नाही. दुष्काळी सालाची तरतूद म्हणून गाय विकून येतील त्यातले काही पैसे बाजूला ठेवा. खिलार जात काटक, नीट वैरण मिळाली तर हौशा अजून चार-पाच वर्षं सहज काढेल. तेवढ्याची तयारी ठेवा, वर्षभराचा हिशेब मांडून फसू नका. आणि हे सगळं कागदावर लिहा. चुलत भावाशी काय लिखापढी करायची, असं हे म्हणतील. चुलत भाऊ आहे म्हणूनच करायची.

मुलाशी "जनावरंच आहेत ती" वरून वाद घालू नका. त्याच्या शिक्षणाला दुधाच्या बिलातला पैसा लागला असेल, तर तो हिशेब त्यालाही येतो. महिन्याला ठरावीक रक्कम हौशाच्या नावाने काकांच्या खात्यावर पाठवायचं काम त्याच्याकडे द्या. फ्लॅटच्या हप्त्यात तो बुडालेला असेल, म्हणून रक्कम लहान ठेवा, पण ठेवा.

दीर नाहीच म्हणाले, तर गोशाळेचा विचार करा, पण दुसरा पर्याय म्हणून. देशी गायींसाठी नोंदणीकृत गोशाळांना राज्य सरकारने २०२४ मध्ये दर जनावरामागे रोज पन्नास रुपये अनुदान जाहीर केलं. पन्नास रुपयांत कोणतं जनावर पोट भरून खातं, हे तुम्हाला मी काय सांगू? गोशाळा देणग्यांवर चालतात आणि पुष्कळ ठिकाणी दावणी आधीच भरलेल्या असतात. म्हणून न सांगता एकदा जाऊन या. वैरणीची गंज किती आहे, पाण्याचे हौद भरलेत का, जनावरांच्या बरगड्या दिसतात का, डॉक्टर कधी येतो, एवढं बघा. पावती फाडून सुटका होईल असं समजू नका, दर वर्षी काही द्यावं लागेल आणि मधून जाऊन बघावं लागेल. गाय असो की बैल, कुठेही जावो, बिल्ल्याच्या नंबरावर नवीन मालकाचं नाव लागलं का हे सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन बघा. बिल्ला नसेल तर आधी तोच मारून घ्या, आता त्याशिवाय खरेदी-विक्री होत नाही.

आता एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, ती मी विचारते. पत्रात "आम्ही दोघं" जाणार असं आहे. आबांचं काय ठरलंय? सगळं पत्र मी परत वाचलं, कुठेच नाही. ते मोशीला येणार, दिरांकडे जेवणार, की अजून कोणी त्यांना विचारलेलंच नाही?

विचारलेलं नसेल, तर त्यांचा अबोला नुसता बैलापायी नाही. ज्या घरात रोज चर्चा चाललीये की हा आता कामाचा नाही, ह्याला कोण सांभाळणार, त्या घरात म्हातारा माणूस ओसरीवर बसून ऐकत असतो. तुम्ही बैलाबद्दल बोलत होता हे त्यालाही माहीत असतं. तरी ऐकून घेताना ते वाक्य कुठे जाऊन लागतं, ते बघा.

त्यांची समजूत घालायला जाऊ नका. काम द्या. गाय कोणाला द्यायची, माणूस जनावराला जपणारा आहे का, हे पारखायला त्यांच्याइतका जाणता माणूस घरात नाही. गिऱ्हाईक आलं की बोलणी आबांनी करावी, ह्यांनी शेजारी बसावं. बोलायला लागतील दोघं, निदान भावावरून तरी. आणि मोशीला यायचं की नाही, हे त्यांना सरळ विचारा, ह्यांच्या तोंडून. नाही म्हणाले तर दिरांच्या घरी त्यांच्या जेवणाखाणाची, औषधाची सोय त्याच कागदात लिहा. फक्त एक सांभाळा: हौशाचं शेणपाणी आबांच्या गळ्यात पडू देऊ नका. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवावा, बेंदराच्या सणाला शिंगं रंगवावी. चौदा वर्षांचा असला तरी खिलार बैल आहे, एका हिसड्यात म्हातारा माणूस आडवा होईल. दावं सोडणं-बांधणं दिरांच्या पोराचं काम.

जनावरं जातील ती दिवसाउजेडी जाऊ देत. गायीला हळदकुंकू लावा, भाकरी द्या, आणि तुमच्याकडे रीत असेल तर दावं ठेवून घ्या. रडू आलं तर रडा, गिऱ्हाईकासमोर आलं तरी हरकत नाही. चांगलं गिऱ्हाईक असेल तर त्याला त्यातून कळतं की गाय कशी सांभाळलेली आहे.

मोत्याबद्दल: सोसायटीला कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, तेव्हा न्यायचाच असेल तर न्या. पण रानभर हिंडलेला कुत्रा लिफ्टमधून दोन वेळा खाली नेणार कोण? बाळ सांभाळून तुम्हीच. मला विचाराल तर त्याला दिरांच्या अंगणात राहू द्या. आजपासून त्याची भाकरी त्यांच्या दारात टाकायला लागा, मार्चपर्यंत तो स्वतःच घर बदलेल. जाण्याआधी रेबीजची लस मात्र टोचून घ्या.

आणि कोंबड्या बाल्कनीत नकोत. जागा नाही, माती नाही, वास खालच्या मजल्यावर जाईल, आणि चुकून एखादा कोंबडा निघाला तर पहाटे पाचला तो आरवेल आणि सव्वापाचला सोसायटीच्या ग्रुपवर तुमच्या मुलाचं नाव येईल. जाऊबाईंना द्या सगळ्या. गावाकडून कोणी पुण्याला येणार असलं की डझनभर अंडी भुशात घालून पाठवायची, एवढं त्यांच्याकडून कबूल करून घ्या.